फक्त चारवर

डुलुथमध्ये उणे बावीस,
आणि गाडीचा ब्लोअर फक्त चारवर चालतो.
एक, दोन, तीन मुके.
चारवर मात्र असं भोकाड पसरतो
की काच निवळते, पण डोळे कोरडे ठक्क पडतात
आणि रेडिओवरची हवामानवाली बाई
विहिरीच्या तळातून बोलते.
महिनाभर मी तशीच चालवली.
काही न लागण्यापेक्षा बरं, म्हणत.

शेजारचा आर्वो लाहतिनेन,
खनिजाच्या धक्क्यावर जन्म काढलेला,
बर्फ ओढता ओढता थांबला:
"चारला सरळ तार जाते.
खालच्या तिघांना रेझिस्टर लागतो. तो गेला."
एवढं बोलून त्याचा आठवड्याचा कोटा संपला.

रविवारी सकाळी मी गॅरेजात,
पाय गाडीबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली,
कपाळावर टॉर्च,
आणि सीटवर, फोनच्या स्पीकरवर, इचलकरंजी.
तिकडे रात्रीचे साडेनऊ.
अण्णांनी चाळीस वर्षं मागांच्या मोटरी दुरुस्त केल्या,
मागांनी मजुरी म्हणून कान ठेवून घेतले.
तेव्हापासून त्यांचा आवाजही चारवरच असतो.
मधे आई बसते.
माझं ऐकते, त्यांच्या कानाशी ओरडते,
त्यांचं ओरडणं मला हळू करून सांगते.

"रेझिस्टर जळालाय."
"अहो, रजिस्टर जळालंय म्हणते!"
"कुणाचं? हिशेबाचं?"

बोटभर लांब वस्तू. तीन वेटोळी,
एक मधूनच तुटलेलं,
प्लगचं प्लास्टिक करपलेल्या साखरेच्या रंगाचं.
नवा आणलाय, एकोणीस डॉलरचा, पाकिटात आहे.
लावू?

"थांब, म्हणतात.
जळलं त्याला बोल लावू नको, म्हणतात,
त्याला जाळलं कोणी ते बघ.
पंखा हाताने फिरव. हाताला काय लागतं?"

मी फिरवते.
जड लागतो. अर्ध्या फेऱ्यात अडतो.
आत काहीतरी खसखसतं.
"आवाज नको," आई सांगते, "हाताचं सांग."
मी हातमोजा काढते. डोळे मिटते.
"मऊ," मी म्हणते. "मऊ काहीतरी अडलंय."

तीन स्क्रू. तिसरा हट्टी, अंधारात पडून
कार्पेटखाली निघून गेला, अजून तिथेच आहे.
मोटर मांडीत उतरली
आणि तिच्यापाठोपाठ अख्खा संसार:
मेपलची पानं,
आर्वोने चिमण्यांसाठी टांगलेल्या डब्यातली सूर्यफुलं,
माझ्याच सीटमधल्या फोमची गादी,
आणि त्यावर, बारीक कातरलेली,
मी न भरलेल्या पार्किंगच्या दंडाची गुलाबी पावती.
घरी कोणी नव्हतं.
हायसं वाटलं. मग जरा वेळ तशीच बसले,
त्या गादीत बोट खुपसून.

रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेतच का बसवतात
ते आत्ता कळलं.
विजेला धरून ठेवता ठेवता तो तापतो,
आणि त्याने हळू केलेला वाराच
त्याला जाता जाता निववत राहतो.
तो वारा अडला.
मोटर पाण्यातून चालावं तशी चालली, जास्त वीज ओढत.
ह्याने सोसलं, सोसलं, आणि
एका सकाळी, लाल सिग्नलला, तटकन.

सगळं झटकलं. दोन स्क्रूंवर मोटर बसवली.
नवा रेझिस्टर. प्लग. टिक्.
चावी.
बटण चारवर न्यायची हाताला सवय झालेली,
त्याला ओढून मागे आणलं. एक.

आधी काहीच नाही.
मग डॅशबोर्डवर पडलेलं मेपलचं पान
हललं,
जेमतेम.

"लागला?" आईने विचारलं.
मी फोन उचलून जाळीसमोर धरला.
तिकडे जरा वेळ शांतता.
मग आई, एरवीपेक्षाही हळू:
"त्यांनी हात पुढे केलाय फोनपाशी.
काही लागत नाही म्हणतात."

"एकवर आहे," मी म्हटलं.
"सांग त्यांना.
एकवर आहे."